अँबेसिडरचा वॉटर पंप

त्या उन्हाळ्यात मी तीनदा नागपूरला गेले आणि तिन्ही वेळा एकाच कामासाठी. बाबांच्या जुन्या अँबेसिडरला वॉटर पंप हवा होता.

बाबा भंडाऱ्याला एका सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होते. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा ऑफिसातल्या कपाटांपासून माणसांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली. बाबा चालवत ती पांढरी गाडी मात्र दोन्ही जिल्ह्यांना नको होती. काही वर्षं ती ऑफिसच्या मागं कडुनिंबाखाली उभी होती. बाबा निवृत्त झाल्यावर ती लिलावात निघाली, आणि आम्हाला न विचारता बाबांनी ती घेतली. एका दुपारी तुमसरला आमच्या दारात गाडी येऊन थांबली. बाबा खाली उतरले आणि म्हणाले, "आपलीच हाय आता." आई दारापर्यंत आली, गाडीकडे बघितलं आणि चुलीवर भात आहे म्हणून आत गेली.

पुढं बाबांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तेव्हापासून गाडी दारातच असायची. दर रविवारी बाबा ती दहा मिनिटं सुरू ठेवायचे, पुसायचे, पुन्हा झाकून ठेवायचे. मी सिहोऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. रोज बसनं जायचं, रोज बसनं यायचं. घरी आल्यावर स्वयंपाक, आईच्या गुडघ्यांना तेल, बाबांच्या गोळ्या. भाऊ पुण्याला होता, फोन करायचा. त्या गाडीकडे बघितलं की मला वाटायचं, घरात आणखी एक म्हातारं माणूस आहे आणि त्याचंही मलाच करायचं आहे.

एका रविवारी गाडीखाली पाणी दिसलं. बाबांनी वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. संध्याकाळी त्यावर ताटाएवढा ओला डाग होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, पुढचा पंखा दोन्ही हातांनी धरून हलवला. पंखा सैल दातासारखा डुगडुगत होता.

"बेअरिंग गेली बाबूजी, सीलही गेली," मिस्त्री म्हणाला. "पंप बदला लागते. पाणी फिरलं नाही तं इंजिन उकळून जाते."

"बदलून दे मग."

"इकडं आता भेटत नाही हा. नागपूरले पाहा लागन. नाही तं विकून टाका ना! लग्नाच्या वरातीले लोक घेऊन राहिले अशा गाड्या."

"बाबा, बरोबर बोलून राहिले ते," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मिस्त्रीला म्हणाले, "जुना काढून दे. ताई घेऊन जाईन सँपल म्हणून."

मिस्त्रीनं आधी जुनाच पंप दुरुस्त होतो का ते बघितलं. राइस मिलची कामं करणारा एक लेथवाला होता, त्याच्याकडं आम्ही पंप घेऊन गेलो. बेअरिंग नवी ठोकता येईल, पण पाणी अडवणारी रबरी सील जिथं बसते ती जागाच गंजानं खाल्ली आहे, आज बसवली तर उद्या गळेल, असं त्यानं सांगितलं. म्हणजे नवा घेण्याला पर्याय नव्हता.

पहिल्यांदा गेले ते माझ्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी. तांदळाच्या रिकाम्या पिशवीत तो लोखंडाचा गोळा, भंडाऱ्यापर्यंत उभ्यानं प्रवास, साडीला ऑइलचा डाग. नागपूरला स्पेअर पार्टच्या दुकानदारानं पेट्रोल का डिझेल एवढंच विचारलं आणि एक खोकं पुढं सरकवलं. मी घेतलं नि परत आले. बाबांनी जुना आणि नवा पंप पेपरवर शेजारी शेजारी ठेवले. बोल्टची भोकं जुळत होती. पण ज्यावर पंखा बसतो तो पुढचा भाग नव्याचा अर्धं बोट जास्त बाहेर होता.

"पंखा रेडिएटरले लागन," बाबा म्हणाले. "जाळी फाडून टाकन."

अर्ध्या बोटासाठी माझा एक दिवस गेला होता.

दुसऱ्या खेपेला मी तो बदलून दुसरा आणला. हा मापात होता, चकचकीत होता आणि हातात हलका होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री आला, म्हणाला, "हे बसवतो, सगळे हेच बसवून राहिले आता." बाबांनी पंप उलटा केला. आतलं पाणी ढकलणारं चक्र त्यांनी मला दाखवलं. जुन्याचं ओतीव होतं, याचं पत्र्याचं.

"हा पत्रा टिकत नाही माय. परत देऊन ये."

मी त्या दिवशी दोन बाळंतपणं करून आले होते. पाय सुजले होते. मी ओरडलेच. "बाबा, गाडी चालते कुठं तुमची? दहा मिनिटं उभ्या उभ्या सुरू करता! तेवढ्याले हा पत्रा जन्मभर पुरन!"

बाबा पंप खोक्यात ठेवायला गेले तर हात एवढा कापत होता, की खोक्याचं झाकण लागेना. शेवटी तसंच उघडं ठेवून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत होते तेव्हाही माझा राग गेला नव्हता. मी म्हटलं, "एवढं काहून करून राहिले ते या गाडीसाठी?"

मग आईनं सांगितलं. मी दोन वर्षांची होते, तापानं फणफणले होते. ती मला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली होती आणि परत येताना भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभी होती. तेवढ्यात हीच गाडी आली. बाबा चालवत होते, मागं साहेब होते.

"त्यायनं मले पाहिलं," आई म्हणाली. "मी पण पाहिलं. मंग ते पुढं पाहाले लागले."

"थांबले नाही?"

"कसे थांबतीन? साहेब होते ना मागं. नोकरी होती." तिनं पाय जरा सरळ केला. "घरी आल्यावर जेवले नाही त्या दिवशी. मी काही म्हटलं नाही, ते बी काही बोलले नाही. गाडी घेतली तवा म्हणे, तुले आंबागडले नेतो तुह्या माहेरी, मागच्या सीटवर बसवून. मंग हातच कापाले लागले."

"तुले जायचं हाय का?"

"मले कायले पाहिजे गाडी? पण त्यायले न्यायचं हाय."

तिसऱ्यांदा मी रजा टाकून गेले. बाबांना सांगून नाही गेले. या वेळी केंद्रातली, लहान मुलांचा दंड मोजायची फीत पर्समध्ये घेतली होती. आधीचा पंप परत दिला आणि दुकानदाराला म्हटलं, "तुमच्याकडं या गाडीचे जेवढे पंप आहेत तेवढे सगळे दाखवा. मला घाई नाही."

"ताई, तुम्ही मेकॅनिक आहात?"

"नर्स आहे."

तो हसला. माळ्यावरून त्यानं आणखी तीन खोकी काढली. मी जुना पंप काउंटरवर ठेवला आणि एकेकाची उंची फितीनं मोजली. एक तिथंच बाद झाला. दुसरा मापात होता, पण हातानं फिरवला तर एका जागी खरखर करून अडायचा. तिसऱ्याचं खोकं उंदरानं कुरतडलेलं होतं. आत तेलकट कागदात गुंडाळलेला पंप होता, चक्र ओतीव, फिरवला की आवाज न करता फिरायचा, आणि दांडा इकडं तिकडं जराही हलत नव्हता.

"हा किती वर्षं पडून आहे?" मी विचारलं.

"बरीच वर्षं झाली. आता कोण मागते हे?"

"मग सील वाळली असेल."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "खरं सांगू का ताई? वाळली असू शकते. बसवल्यावर दोन-तीन दिवस थेंब पडेल, मग ओली होऊन बसेल. नाही बसली तर परत आणा. पत्र्याचा घेतला तर पहिल्या दिवशी थेंब पडणार नाही. पुढचं सांगता येत नाही."

मी स्टुलावर बसून राहिले. दुकानदारानं चहा मागवला. समोर दोन्ही पंप होते, आत्ताच परत दिलेला चकचकीत आणि हा जुनाट. पुन्हा यायची ताकद माझ्यात नव्हती, हे खरं होतं. म्हणून चकचकीत घ्यावा असं मन म्हणत होतं. दोन्ही हातात एकेक घेऊन मी बराच वेळ बसले आणि शेवटी जड होता तो घेतला. नक्की कशावरून घेतला असं कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर बाबांनी तो फिरवून बघितला, उलटा करून बघितला, कानाशी धरून बघितला. मग म्हणाले, "बरोबर आणला माय." तीन खेपांमध्ये कौतुकाचं त्यांनी एवढंच म्हटलं.

मिस्त्रीनं पंप बसवला. पहिल्या दिवशी गळला. दुसऱ्या दिवशीही गळला. मी बघायलाही गेले नाही, ड्यूटीवर निघून गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आले तर बाबा कोरडं वर्तमानपत्र हातात धरून दारात उभे होते.

पुढच्या रविवारी आम्ही आंबागडला निघालो. गाडी मिस्त्री चालवणार होता. आईला मी धरून मागच्या सीटवर बसवलं. बाबा सवयीनं पुढच्या दाराकडं गेले.

"तिकडं कायले जाता?" आई आतून म्हणाली. "इकडं बसा."

बाबा हात दारावर ठेवून उभे राहिले. मिस्त्री म्हणाला, "बसा ना बाबूजी, मी नेतो बरोबर." तेव्हा ते मागं बसले, दाराला चिकटून, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. एवढी वर्षं ती गाडी चालवली, पण मागं बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. रस्ताभर ते मिस्त्रीच्या खांद्यावरून इंजिनच्या गरमीचा काटा बघत होते. आंबागडच्या किल्ल्याचा डोंगर दिसायला लागला तेव्हा आई त्यांना म्हणाली, "काट्याकडं नका पाहू, बाहेर पाहा." मग ते बाहेर बघायला लागले.

मामाच्या दारात गाडी थांबली तशी शेजारपाजारची माणसं जमली. आई उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मळमळून राहिलं मले." मामी पाणी आणायला धावली. बाबा हसले. मीही हसले असेन.

परतीच्या वाटेवर मी पुढच्या सीटवर झोपले. तुमसर आल्याचं मला कळलंच नाही, मिस्त्रीनं "ताई, घर आलं" म्हणून हाक मारली तेव्हा जाग आली. आईला उतरवताना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पण थकले बापा."

मी तिला आत नेलं, दोघांसाठी भात टाकला आणि सकाळच्या बससाठी साडी काढून ठेवली.