डाव्या पायाचे ठोके

पुलाची चढण निम्मी झाली तरी धाकट्याचं बोलणं थांबेना. ताईला धाप लागली होती. दोन बस शेजारून निघून गेल्या. "तू बसने जा, मी येतो चालत," असं तो म्हणाला खरा, पण त्याला या अवस्थेत एकटं सोडायला तिचं मन धजेना.

दिवसभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात ड्रम वाजवायचा. बँड डेथ मेटलचा, त्यातही प्रोग्रेसिव्ह. म्हणजे गाणारा घशातून गुरगुरतो, गिटारी अंगावर धावून येतात, आणि आपण जरा सावरतोय तोवर ताल बदलून गाणं भलतीकडेच निघून जातं. ताईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं होतं. पण त्याचे दोन्ही पाय पेडलवर चालताना पाहिले आणि तिने कबूल केलं, ही नुसती आदळआपट नव्हे.

गेल्या वर्षी तो शिडीवरून पडला. डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण पायातली चपळाई काही परतली नाही. आणि नेमका यंदाच त्यांचा पहिला अल्बम.

"मोठ्या गाण्यात मधे एक जागा आहे," तो कठड्यावर बोटं वाजवत म्हणाला. "सगळे थांबतात. एकच गिटार हळू वाजते, आणि खाली माझे पाय. तिथे डावा मागे राहतो. केसभर."

"केसभरच ना? कोणाला कळतंय."

"कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं. रेकॉर्डिंगवाल्याने एकेक ठोका उचलून रेघेवर नेऊन ठेवला. शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे केले."

"मग मिटलं की."

"कुठलं मिटतंय! गिटारवाल्याने माझ्या मूळ ठोक्यांवर वाजवलंय. माझा पाय रेंगाळतो तिथे त्याची बोटंही रेंगाळतात. आता मी सरळ झालो, तर तोच चुकल्यासारखा वाटतो."

ताईला हसू आवरेना. "तू लंगडलास म्हणून तोही लंगडला? मित्र असावा तर असा."

"हस तू. तो म्हणतो, मी परत वाजवतो, त्यात काय. सगळेच बँड हे करतात म्हणे. करतातही. पण मग ड्रमपुढे माझं नाव कशाला? कॉम्प्युटरचं टाका."

"मग तुझं मूळ वाजवणंच ठेवा."

"आणि ते वाईट असलं तर? माझं मन राखायला चौघांनी वाईट अल्बम काढायचा?"

तो झपाझप पुढे गेला, थांबला, परत मागे आला. निर्णय उद्या संध्याकाळी द्यायचा होता आणि तो बाकीच्यांनी त्याच्यावरच सोडला होता. तेच त्याला जास्त छळत होतं.

"मला विचारशील तर," ताईने सुरुवात केली.

"आत्ता नको. तू ऐकलंच नाहीस."

तिचं तोंड फटकळ, हे घरात सगळ्यांना ठाऊक. धाकट्याच्या बायकोला तिने लग्नाआधीच बजावलं होतं, हा तुझ्या वाट्याला कमीच येईल, नीट विचार कर.

पुलाच्या माथ्यावर तो कठड्याला टेकला. वाकून डावा घोटा चोळू लागला.

"उद्या कामावरून सुटलीस की स्टुडिओत ये," तो म्हणाला. "दोन्ही ऐकवतो. कुठलं कुठलं ते सांगणार नाही. माझा पाय तुला ओळखू येईल. जिन्यावर मी आलो की तू न विचारता दार उघडतेस. पण ते मनात ठेव. गाणं कुठल्यात चांगलं झालंय, तेवढं सांग. ते माझं नसलं, तरी तोंडावर सांग."