आजी, हात आत घ्या

आज समोरच्या फुटपाथवरून दोन गोरी पोरं गेली. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. मी गॅलरीतून आत आलो.

अशाच दोघांनी एकदा आमची लिफ्ट बंद पडली तेव्हा आठवडाभर माझ्या बायकोला, सुमनला, खुर्चीत बसवून चार मजले खाली नेलं, फिजिओथेरपीहून परत वर आणलं. ही पोरं चहा घेत नाहीत, म्हणून सुमन मला कोकम सरबत करायला लावायची.

त्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, "काका, ती पोरं रोज येतात म्हणे. धर्माचं सांगतात का?" सगळे माझ्याकडे बघत होते.

"सांगतात तर! पिच्छाच सोडत नाहीत," मी म्हणालो.

खोटं होतं ते. त्यातला धाकटा जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकच वाक्य बोलायचा, "आजी, हात आत घ्या."

सोमवारी वॉचमननं त्यांना फाटकावर अडवलं. धाकट्यानं वर बघून मला हात केला. मी आत आलो.

मीटिंगमधलं कुणीही खुर्ची उचलायला आलं नाही. लिफ्ट महिन्यानं सुरू झाली, तोवर सुमनचा पाय आखडला तो कायमचा.

"कंटाळली असतील. आपली थोडीच होती ती?" ती शेवटपर्यंत म्हणायची. मी मान डोलवायचो.

आली होती, सुमन. वेळेवर आली होती.