स्पीकरचा दोष नव्हता

ये गं, अशी जवळ सरक. आणि आधी त्या फोनच्या कंपनीवाल्यांशी भांडणं बंद कर. किती झापायचं माणसाला! रविवारी माझ्याशी बोलता बोलता तू दुसऱ्या फोनवर त्याला इंग्रजीत धारेवर धरलंस. मला त्यातलं 'मदर' तेवढं कळलं. मग तूच मराठीत सांगितलंस, "त्यांना म्हटलं, दोन्ही स्पीकर खराबच होते. माझी आई खोटं बोलत नाही."

तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. म्हणून ही वही घेऊन बसलेय. वाचताना पुण्यात बसून ओरडू नकोस, शेजारी काय म्हणतील.

तो सुटा होणारा फोन तू आणलास, तेव्हा मला बघताक्षणी आवडला होता, हे खरं. मागचं झाकण नखानं निघतं. बॅटरी हातानं निघते. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगची जागा, ज्याचे त्याचे स्क्रू वेगळे. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या बाईला असलं आवडणारच. सुई मोडली तर सुई बदलायची, पट्टा तुटला तर पट्टा. मशीन कोण टाकून देतं? पण फोनचं बघ, जरा बिघडला की निपाणीतला दुकानदार मान हलवायचा, "मावशी, हे आता उघडत न्हाय. नवा घ्या." उघडतच नाही म्हणजे काय? डबा आहे का शाप आहे?

तुझ्या फोनलाही खोडी आहेत. विटेएवढा जाड. हातातून पडला की झाकण चुलीकडं, बॅटरी कॉटखाली. फटीत भाकरीचं पीठ जातं. आणि पार्ट यायचा तो परदेशातून, तीन-तीन आठवडे वाट बघा. ते सगळं मी सोसलं असतं. खरी खोट तू जाता जाता सांगितलीस, "आई, आता काही झालं तर मी पार्ट पाठवीन, तू बसव. माझी धावपळ वाचली."

तुझी वाचली गं. माझं काय?

आधीचे फोन दोन वर्षांत अख्खेच मरायचे आणि तू नवा घेऊन यायचीस. निपाणीच्या अलीकडचा कोगनोळी टोलनाका आला की तुझा फोन, "आई, भाकरी टाक." मग चार दिवस मुक्काम. एक दिवस नंबर भरण्यात, एक दिवस जुने फोटो काढण्यात, दोन दिवस मला शिकवताना माझ्यावर चिडण्यात. लई बरं वाटायचं.

पहिल्यांदा चार्जिंगची जागा गेली, ती खरोखरच गेली. तू पार्ट पाठवलास. मी परातीत पांढरं फडकं अंथरलं, म्हणजे स्क्रू घरंगळत नाहीत, आणि अर्ध्या तासात बसवला. तू एवढं कौतुक केलंस की मी गल्लीभर सांगत सुटले. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मग गणपती आले. तू म्हणालीस, रजा नाही. मी फोन परातीत घेतला, स्पीकर काढला आणि बॉबिनच्या डब्यात टाकला. शेजारणीच्या फोनवरून तुला कळवलं, "आवाजच येत न्हाय गं."

तू नवा पाठवलास. तोही डब्यात गेला. "हा बी चालत न्हाय."

तू आणखी एक पाठवलास. शेजारीण डब्यात डोकावून म्हणाली, "साकु री आक्का, पुरे! तीन झाले. दुकान घालताय काय? आणि खोटं बोलायला बी माझाच फोन लागतो तुम्हाला!"

"तुझी लेक गल्लीत दिलीया," मी म्हटलं, "तुला काय कळतंय?"

शेवटी तिच्याच फोनवर व्हिडिओ लावून तू मला शिकवायला बसलीस. तू म्हणायचीस उजवीकडं फिरव, की मी डावीकडं. दहाव्या मिनिटाला तू कपाळाला हात लावलास, "राहू दे आई. तुला जमायचं नाही. मीच येते." शेजारीण पदर तोंडात धरून आत पळाली.

तू निघालीस, तसा मी मूळचा स्पीकर होता तिथं बसवला. तू आलीस, झाकण उघडलंस, फुंकर मारलीस, झाकण लावलंस. फोन खणखणीत वाजला. "बघ!" म्हणालीस. मी म्हटलं, "तुझ्या हाताला गुण हाय." तू दिवसभर त्या ऐटीत होतीस. ते दोन 'खराब' स्पीकर परत करते म्हणून तू पिशवीत टाकलेस, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू पायरीवर बसून कणीस खात होतीस, पाय पसरून, लहानपणी बसायचीस तशी. मी आणखी एक कणीस भाजायला घेतलं.

आता कंपनी म्हणते, दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत. बरोबरच म्हणते. त्या माणसाला सांग, चूक आमच्या आईची. तुला लाज वाटत असेल तर मला जोडून दे, मी कानडीत माफी मागते. त्याला कळलं नाही तरी मला मोकळं वाटेल.

फोनला आता काहीही झालेलं नाही. बोलावायला कारण म्हणून दाखवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. एवढं वाचून तू रागावणार, ते मला ठाऊक आहे. रागव, पण फोनवर नको. समोर बसून रागव, चांगले चार दिवस काढून. लवकर ये गं.