मागच्या दारचं काम

नातू झाला तेव्हा बायको पुण्याला गेली ती बाळंतपण आटोपेपर्यंत म्हणून. मग सुनेची रजा संपली. मग बाळाला दात येऊ लागले. मग पाळणाघरात त्याला सारखा ताप येतो असं ठरलं, आणि ती तिथलीच झाली. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. मुलगा-सून दोघंही नोकरीला, बाळाजवळ घरचं कुणीतरी हवंच होतं. माझी शाळेतली कारकुनी अजून संपायची होती, म्हणून मी जळगावला, मेहरूण भागातल्या आमच्या घरात एकटा राहिलो.

शाळेतून आलो की पुढचं कुलूप काढायचो आणि चहा घेऊन थेट मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायचो. बैठकीच्या खोलीत बसलं की घर फार मोठं वाटायचं. मागे बघण्यासारखं काही होतं असं नाही. हलणाऱ्या शहाबादी फरश्या, पाण्याचा हौद, धुण्याचा दगड, गंजलेला कूलर आणि घर बांधलं तेव्हापासून कोपऱ्यात पडलेल्या विटा. एका रविवारी काही सुचेना म्हणून पहार घेतली आणि एक फरशी उचलून पाहिली. खाली नुसता मुरूम असेल असं मला वाटत होतं. तर निघाली काळी माती, हाताला गार लागणारी. दुपारपर्यंत मी आणखी फरश्या उचलल्या. जेवायचं राहूनच गेलं.

मी काही हातकामाचा माणूस नाही. घरात खिळा ठोकायचा झाला तरी बायकोच ठोकायची. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी कूलरच्या जागी जाईचा वेल लावला, कोपऱ्यातल्या जुन्या विटांची वाट घालायला घेतली. वाट दोनदा खचली, कारण खालची माती मी धड चोपलीच नव्हती. शेजारच्या अक्का भिंतीवरून डोकावल्या. त्या धुळ्याकडच्या, माझंही गाव तिकडलंच, त्यामुळे आमचं बोलणं अहिराणीत.

"भाऊ, बठ्ठं एकलाच करी ऱ्हायनात का?"

"मंग कोन करी, अक्का?"

मी एकटाच सगळं करतो हे ऐकून त्या हसल्या आणि आत गेल्या. कितीतरी रविवारी दिवसभरात माझं माणसाशी झालेलं बोलणं एवढंच असायचं.

रोज संध्याकाळी मी बायकोला फोटो पाठवायचो. मी वाटेचा फोटो पाठवला की तिकडून बाळाचा फोटो यायचा. मी वेलाचा पाठवला की बाळ भात खातानाचा. दोघांकडेही दाखवायला काहीतरी होतं, पण एकमेकांचं बघायला दोघांनाही वेळ लागत होता.

वाट धुण्याच्या दगडापाशी येऊन अडली. तो दगड तिचा. कपडे धुवायचं मशीन घेतल्यावरही चादरी ती तिथेच आपटायची, मशीनमध्ये मळ निघत नाही म्हणायची. मी फोन केला.

"दगड वाटेत येतोय," मी म्हटलं. "काय करू?"

"टाका काढून," ती म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "आता मला कुठे धुवायचंय तिथे."

तिने हे सहज म्हटलं. मी फोन ठेवला. तिला विचारताना ती नको म्हणेल, चांगली ओरडेल, असं मी धरून चाललो होतो, हे मला तेव्हा कळलं. दगड मी पुढच्या रविवारी काढला. एकट्याला उचलेना म्हणून पहारीने लोटत लोटत फाटकाबाहेर नेला. संध्याकाळी कुणीतरी तो घेऊन गेलं.

हिवाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न निघालं, बोदवडला. त्यासाठी ती आली. मी आधीच्या आठवड्यात विटांच्या दोन खांबांवर कडाप्पा ठेवून बाक केला होता. सकाळी ती आत आली, बॅग ठेवली आणि मी न सांगता मागे गेली. वाटेवरून हळूहळू चालली. शेवटी थांबून म्हणाली,

"छान केलंय. फोटोत मोठं दिसत होतं."

दुपारी तिने प्रवासातली साडी धुतली आणि ती घेऊन मागच्या दारात उभी राहिली. कपडे वाळत घालायची दोरी मी वेलासाठी केव्हाच सोडून टाकली होती. साडी तिने पुढच्या खिडकीच्या गजांवर वाळत घातली. स्वयंपाकघरातही ती मला तिखटाचा डबा कुठे आहे ते विचारत होती.

लग्नाहून परत आल्यावर संध्याकाळी आम्ही त्या बाकावर बसलो. बाक किंचित हलायचा. मी चहा केला होता.

"तू आता तिथेच राहणार का?" मी विचारलं.

"तो शाळेत जायला लागला की बघू." मग म्हणाली, "रिटायर झालात की तुम्हीच या ना तिकडे."

"तिथे मी करू काय?"

"इथे काय करता?"

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मातीच्या ढिगाकडे पाहिलं, उरलेल्या विटांकडे पाहिलं. तेवढ्यात नातवाचा व्हिडिओ कॉल आला. मागे नेटवर्क नीट येत नाही, म्हणून ती उठून पुढच्या खोलीत गेली. तिचं हसणं मला बाहेर ऐकू येत होतं. ते हसणं घरात घुमलेलं ऐकून बरेच दिवस झाले होते, म्हणून मी आत गेलो नाही. तिचा चहा मीच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटताना ती म्हणाली, "उन्हात खणत बसू नका." घरी आलो, कपडे बदलले आणि उन्हातच खणायला बसलो.

आता उन्हाळा लागला आहे. वेल भिंतीवर चढला, पण वाट मागच्या भिंतीपर्यंत अजून गेलेली नाही. परवा तिचा फोन आला तेव्हा मी मागच्या भिंतीचा जुना रंग खरवडत होतो.

"आता काय चाललंय?"

"भिंतीला रंग देतोय. कोणता देऊ?"

"तुम्हाला आवडेल तो द्या."

या घराचे सगळे रंग तिने निवडले होते. मी फक्त डबे उचलून आणले होते. दुकानातून रंगांचं कार्ड आणलं, बाकावर बसून पुष्कळ वेळ पाहिलं. पिवळा बरा वाटला, मग वाटला नाही. मला कोणता आवडतो हे मला खरंच माहीत नव्हतं. शेवटी आवाज देऊन अक्कांना बोलावलं आणि कार्ड भिंतीवरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दूर धरून, जवळ धरून पाहिलं आणि परत केलं.

"भाऊ, भित तुमनी शे," त्या म्हणाल्या.

भिंत माझीच आहे, आणि अजून खरवडलेलीच आहे.