करंगळीनं दिलेली ओळख

विड्या वळून वळून आम्हा दोघी जावांच्या अंगठ्यांवरच्या रेषा कधीच्या पुसल्यात. निपाणीत आमच्या गल्लीत घरोघरी हेच. रेशनच्या दुकानात अंगठा टेकवला की मशीन गप्प. त्यामुळं यंदा आमच्या बूथवर बोटाचा ठसा घेऊन मतदाराची ओळख पटवायचा प्रयोग होणार, हे कळल्यावर माझी झोपच उडाली. धास्ती होतीच, पण हौस त्याहून लई. रेषा परत याव्यात म्हणून मी विड्या वळायचं बंद केलं आणि अंगठ्याला तूप चोळत बसले.

थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, मात्र यायलाच तयार नव्हत्या. त्यांना अंगठ्याची फिकीर नव्हती. आधी बोट द्यायचं आणि मग बटण दाबायचं, म्हणजे कुणी कुणाला मत दिलं हे मशीनला कळणारच की, असं त्यांचं म्हणणं. उभ्या जन्मात त्यांनी आपलं मत कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या थोरल्या दिरांनासुद्धा नाही. नुसतं बघायला तरी चला, म्हणून मी त्यांना बूथ होतं त्या शाळेपर्यंत ओढत नेलं.

खोलीत दाराशीच टेबलावर तळहाताएवढं मशीन आणि शेजारी अधिकारी बाई. बाई कन्नड, पण मराठी छान बोलायच्या. मी ऐटीत अंगठा टेकवला, तो तुपानं सटकलाच. बाईंनी हसत काच पुसली, माझा हात पुसला आणि एकेक बोट लावून बघितलं. डाव्या करंगळीला हिरवा दिवा लागला. विडी वळताना तिला कुठं काम असतं? मी तिथंच पोरीसारखी टाळी वाजवली.

आक्का तोवर वाकून टेबलाखाली वायर शोधत होत्या.

बाई म्हणाल्या, "अज्जी, याचा मतदानाच्या मशीनशी संबंध नाही. बघा, याला वायरच नाही."

"माझ्या नातवाच्या फोनला तरी कुठं वायर हाय? पार दुबईस्नं बोलतोय की."

रांगेतल्या बायका खुदखुदल्या. मशीन उघडून आतलं दाखवणं आपल्या हातात नाही, हे बाईंनी सरळ कबूल केलं. मग म्हणाल्या, "पण बोट दिलंच पाहिजे असं नाही. कार्ड दाखवा, सही करा, आत जा. मत तेच."

"न्हाई म्हटलं तर चालतंय?"

"चालतंय, अज्जी."

आक्कांनी कमरेचा बटवा चाचपला. मला वाटलं, आता कार्ड निघणार. पण त्यांनी पदराला हात पुसला आणि करंगळी पुढं केली. "मग घ्या तर."

हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त उड्या मारल्या.

मत देऊन परतताना विचारलं, एवढा हट्ट धरून शेवटी बोट दिलंत कसं? म्हणाल्या, "सक्ती केली असती तर दिलं नसतं बघ."

मग मी हळूच लाडीगोडी लावून विचारलं, आक्का, मत कुणाला दिलंत?

"त्या मशीनला ठाऊक असंल तर जा, विचार जा त्याला," म्हणाल्या, आणि पाय उचलून माझ्या पुढं चालायला लागल्या.