सासूला सटवे म्हणायचं होतं

माझी सासू, आमी त्यांना आत्याबाई म्हणतो, दुपारी जेवणं उरकली की पडवीत वाकळ शिवायला बसतात, जुन्या लुगड्यांची, आणि समोर डब्याला टेकून फोन लावला की लांबलांबच्या बाया बघायला लागतात, लाईव्ह. चॅनल माझ्या नणंदेनं काढून दिलं आणि ती पिंगळीला सासरी गेली, जाताना लाईव्ह चॅट माझ्या गळ्यात घालून गेली. माझ्या नावापुढं निळा पाना आला, नट आवळायचा असतो तसला. ती म्हणली पाना आला म्हंजी राखण तुझी, कुणी घाण लिहिलं की काढून टाकायचं. मी आठवी नापास, पण न्हाई म्हणायची सोय नव्हती.

कारण आधी एकदा झालं होतं तसं. आत्याबाईचे हात सुईत आणि नजर अधू, म्हणून बायांनी लिहिलेलं मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. एका माणसानं लय घाण लिहिलं, मी अर्धं वाचून गप झाले, त्यांना कळायचं ते कळलं. दोन दिवस सुईला हात लावला न्हाई त्यांनी. पुन्हा असं झालं तर बंद, म्हणल्या.

म्हणून अडवायच्या शब्दांची यादी केली तवा मी एक बी शिवी सोडली न्हाई. नळावरच्या, यष्टीतल्या, माझा आज्जा बैलाला घालायचा त्या बी. पोरगी मांडीवर दूध पीत होती, मी तिचे डोळे झाकले, जशी काय आठ महिन्यांची पोर वाचायलीय. यादीतला शब्द असला की ते लिहिलेलं बाजूला अडकून पडायचं, मी दाखव म्हणलं तरच दिसायचं.

मंग बरं चाललं. बाया लिहायच्या, काकू किती बारीक टाका, काकू माझ्या आईच्या लुगड्याची शिवून देता का, मी वाचायची, आत्याबाई लाजायच्या. पण त्यांचा जीव लागलेला एका माणसाकडं. थोरली बहीण, पाथरीची अक्का. टाका तिनंच शिकवलेला. अक्काला लिहिता येत न्हाई, पण तिच्या नातीनं नुकतंच फोनमधी बोललं की लिहून येतं तसं करून दिलेलं. रोज त्या विचारायच्या अक्का आली का, मी न्हाई म्हणायची. फोन करून विचारा म्हणलं तर म्हणायच्या, मागून घेतलेल्या कौतुकाला काय चव.

यादी केल्यापासून पाचव्या दुपारी समद्या बायांसमोरच बोलल्या, "अक्काला माझं शिवणं पटलेलं न्हाई दिसत. एवढी टाक्यांची ओळ झाली की बंद करू गं पोरी."

पोरीला खांद्यावर टाकून मी फोनमधी दिसंल तिथं बोट दाबत गेले, आणि अडकलेल्याचं पान उघडलं. समदी अक्का. पहिल्या दिवसापासून. प्रत्येकाची सुरवात एकाच शब्दानं, आणि तो मीच यादीत घातलेला.

दाखवावं तर एवढ्या बायांत सासूची शोभा. न दाखवावं तर चॅनल बंद, आणि पाप माझं. आणि वाचायचं तर मलाच, माझ्या तोंडानं, ज्या बाईपुढं मी अजून पदर सरळ करून बोलते. ओळ संपायला चार बोटं राह्यली होती. मी डोळे मिटून दाखव दाबलं.

"आत्याबाई, अक्का आल्या. मी वाचू का, रागवू नका."

"वाच की."

"सटवे, टाका केवढा घालायलीस, चष्मा काय चुलीत घातलास का."

सुई थांबली. मी घाबरून पुढचं बी वाचून टाकलं, एका दमात. "सटवे, बोलंना का झालीस. सटवे, ती निळी पट्टी आईच्या लुगड्याची ना. सटवे, जेवलीस का."

आत्याबाईनं निळ्या पट्टीवर हात ठेवला आणि हसायल्या, हसता हसता नाक पदराला पुसायल्या, आणि फोनकडं वाकून म्हणल्या, "व्हय अक्का, आईचंच हाय."

ओळ संपली, दुसरी धरली. चहाच्या वेळंपर्यंत शिवत होत्या. फोन बंद केल्यावर मी कबूल केलं, तो शब्द मीच अडवला होता म्हणून. आता बोलणार म्हणून मी खाली बघत उभी.

"सटवे," त्या म्हणल्या, "आणि मी पाच दिवस माझ्या टाक्याला दोष देत बसले."

माझ्या आईशिवाय मला असं कुणीच म्हणलं नव्हतं. मी तिथंच बसून तो शब्द यादीतून काढला.