मार्गारेटबाईंचा पहारा

मुलांनो, सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी रोज तिन्हीसांजेला एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या असत. कंपनीच्या बसमधून उतरलेले सगळे आत गेले, की स्वतःच्या हाताने फाटक लावत आणि मगच घरी जात. "कोणाची वाट पाहता?" मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "कोणाचीच नाही. फाटक उघडं टाकून मला आत जाववत नाही."

मार्गारेटबाई मूळच्या स्कॉटलंडच्या डोंगरातल्या, चर्चभोवती वसलेल्या एका लहानशा गावच्या. जमीनदाराने मेंढ्यांच्या कुरणासाठी निम्मं गाव उठवलं, ते त्यांच्या पणजोबांच्या काळात. पण सांगत मात्र काल घडल्यासारखं. रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी त्या इथेही कपडे धूत नसत. "अहो, इथे कोण बघतंय?" मी म्हणे. "देव बघतो. आणि आमच्या गावात त्याच्याआधी शेजारीण बघायची!"

एकदा चहा पिताना त्यांनी फाटकाचं कारण सांगितलं. गावची समजूत अशी, की शेवटी पुरलेल्या माणसाने दफनभूमीच्या फाटकाशी पहारा द्यायचा. पुढचं माणूस आलं, की तो सुटला. त्यांचा धाकटा भाऊ अ‍ॅलन सर्वांत शेवटी गेला. मग गाव रिकामं झालं, चर्चला कुलूप लागलं.

"त्याला अंधाराची भीती वाटायची, शालिनी. अजून उभाच आहे."

मी इंग्रजी वाङ्मय शिकलेली, पण मला हसू आलं नाही. पिंडाला कावळा शिवेना म्हणून उन्हात ताटकळलेली आपली माणसं आठवली.

पुढे त्या अंथरुणाला खिळल्या आणि मला गावी अ‍ॅलनशेजारीच पुरा, म्हणू लागल्या. मुलगा म्हणाला, "मॉम, इथेच ठेवू ना तुला. मला भेटायला येता येईल." त्यांनी तोंड फिरवलं. मीच त्याला बाजूला घेऊन समजावलं. शेवटी त्याने आईला विचारलं, "नुसती रक्षा नेली तर चालेल?"

"चालेल. पहाऱ्याला वजन लागत नाही."

तो गेल्यावर मला राहवलं नाही. "पण तुमच्यानंतर तिथे कोणीच येणार नाही. तुम्हाला कोण सोडवणार?"

त्यांनी माझा हात थोपटला. "मला उभं राहायची सवय आहे गं."

मुलाने शब्द पाळला. अ‍ॅलनशेजारी रक्षा पुरून परतला आणि थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "आंटी, तिथलं फाटक गंजलेलं होतं. किती ओढलं तरी लागेना. शेवटी उघडंच टाकून मी गाडीत बसलो. वळून पाहिलं, तर कोणीतरी लावून घेतलं होतं."